चाळता चाळता

मराठीत ‘चाळणे’ या क्रियापदाकडे दोन कामे सोपविलेली आहेत. पीठ चाळतात आणि पुस्तकही चाळतात. पीठ चाळताना काय खाली पडावे आणि काय चाळणीत उरावे, हे आधीच ठरलेले असते. पुस्तक चाळताना तसे काही ठरलेले नसते. एखाद्या पानावर बोट थांबते, चार ओळी वाचल्या जातात, पुस्तक परत फळीवर जाते किंवा हातातच राहते. आणि ते हातात का राहिले, असे कोणी विचारले तर वाचकाला चटकन सांगता येत नाही. प्रस्तुत लेख या चाळण्याविषयी आणि ते जेथे कोणाचीही परवानगी न मागता करता येते त्या जागेविषयी, म्हणजे सार्वजनिक ग्रंथालयाविषयी आहे.

गेली तीन वर्षे माझी नेमणूक फरीदाबाद येथे आहे. बँकेत नोकरी करणाऱ्यांना या गावाविषयी आपुलकी वाटावी असे एक कारण इतिहासात सापडते. जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने दिल्ली-आग्रा मार्गाच्या रक्षणासाठी १६०७ मध्ये हे गाव वसविले. आजचे फरीदाबाद मात्र कारखान्यांचे आहे. मराठी कुटुंबे येथे आहेत, पण विखुरलेली. कोणी कारखान्यात, कोणी सरकारी उपक्रमात, कोणी आमच्यासारखी बदलीच्या हुकमाने आलेली. मराठी पुस्तक हाती लागावे असे दुकान माझ्या तरी पाहण्यात नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये दिल्ली मेट्रोची व्हायोलेट मार्गिका फरीदाबादेत पोहोचली आणि मे २०१७ मध्ये तिचे दुसरे टोक कश्मीरी गेटला टेकले. त्यामुळे बाटा चौकात गाडीत बसले की दिल्ली गेट, जामा मशीद, लाल किल्ला अशी स्थानके ओलांडत कश्मीरी गेटपर्यंत थेट जाता येते. तेथे गाडी बदलली की चांदनी चौक हे लगतचे स्थानक. जुन्या दिल्लीच्या रेल्वे स्थानकासमोर, श्यामाप्रसाद मुखर्जी मार्गावर, दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय उभे आहे. (वाटेत एक धोका संभवतो, तो वाचकांच्या कानावर घालणे आवश्यक आहे. दर्यागंजच्या पदपथावरील रविवारचा पुस्तकबाजार २०१९ मध्ये आसफ अली मार्गावरील महिला हाटात हलविण्यात आला. त्याच्यासाठी दिल्ली गेटला उतरावे लागते आणि एकदा उतरले की ग्रंथालय पुढच्या रविवारावर जाते.)

या ग्रंथालयाचा जन्म एका प्रयोगातून झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या युनेस्कोने नवसाक्षरांसाठी आणि सामान्य नागरिकांसाठी सार्वजनिक ग्रंथालय कसे चालवावे, याचा एक नमुना आशिया खंडात उभा करण्याचे ठरविले आणि भारत सरकारच्या सहकार्याने त्यासाठी दिल्लीची निवड झाली. २७ ऑक्टोबर १९५१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. येथे वर्गणी नव्हती आणि पुस्तके उघड्या फळ्यांवर मांडलेली होती. १९५३ पासून फिरते ग्रंथालय वस्त्यावस्त्यांतून जाऊ लागले. सामाजिक शिक्षणासाठी वेगळा विभाग होता. त्यात व्याख्याने, चर्चा आणि नाटके होत आणि चित्रपटही दाखविले जात. ग्रामोफोनच्या तबकड्यांचा संग्रह होता. पुढे अंध वाचकांसाठी ब्रेल विभाग निघाला. १९५७ मध्ये युनेस्कोने फ्रँक गार्डनर या ब्रिटिश ग्रंथपालांचा मूल्यमापन अहवाल प्रसिद्ध केला. आपल्याकडील एखाद्या ग्रंथालयाचे असे सविस्तर परीक्षण त्या काळात विरळाच झाले असेल.

यातील ‘उघड्या फळ्या’ या दोन शब्दांचे मोल आपल्यापैकी अनेकांना वेगळे सांगावे लागणार नाही. तालुक्याच्या गावी ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या डोळ्यांपुढे वाचनालय म्हटले की काचेची कपाटे येतात, त्यांना लावलेली कुलपे येतात आणि टेबलापलीकडे बसलेले ग्रंथपाल येतात. आपण वहीतून क्रमांक शोधायचा, चिठ्ठीवर लिहायचा आणि पुस्तक ‘बाहेर’ आहे की नाही ते कळण्याची वाट पाहायची. या व्यवस्थेत वाचकाला जे ठाऊक आहे तेवढेच मिळते. लेखकाचे नाव ठाऊक नसेल, तर मागायचे काय? अनोळखी लेखक कपाटात राहतो आणि वाचक टेबलाअलीकडे.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे तारण आणि विश्वास यांच्यातील अंतर आहे. आम्ही कर्ज देण्यापूर्वी उत्पन्नाचा दाखला पाहतो, जामीनदार पाहतो, मालमत्तेचे मूल्यांकन करतो, आणि तसे करणे योग्यच आहे, कारण पैसा ठेवीदारांचा असतो. ग्रंथालयाची मालमत्ताही जनतेचीच असते. तरीही कपाटे उघडी ठेवणारा ग्रंथपाल दारातून आत आलेल्या प्रत्येकाला, तो कोण आहे हे न विचारता, संपूर्ण तिजोरी हाताळू देतो. आत येऊन काहीही न घेता परत जाणारा वाचक हा तेथे वाया गेलेला ग्राहक मानला जात नाही. पुस्तके गहाळ होतील ही भीती खरी असते आणि काही पुस्तके गहाळ होतातही. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली तेव्हा या भीतीपेक्षा वापराला वरचे स्थान दिले. त्यांच्या पाच सूत्रांपैकी मला विशेष वाटते ते तिसरे. त्याचा आशय असा, की प्रत्येक ग्रंथाचा एक वाचक कोठे तरी असतो आणि तो ग्रंथाला मिळवून देणे हे ग्रंथालयाचे काम आहे. वाचकाला पुस्तक मिळावे हे कोणीही म्हणेल. पुस्तकाला वाचक मिळावा, हे म्हणायला रंगनाथन लागले. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक होते, हे लक्षात घेतले म्हणजे या उलट्या मांडणीचे आश्चर्य वाटत नाही.

उघड्या फळीवर शेजार कोणाचा असावा हेही गणितच ठरविते. अनेक ग्रंथालये वापरतात ती मेल्विल ड्युई यांची दशांश पद्धती १८७६ सालची. तिच्यात आमचा व्यवसाय, म्हणजे बँका, ३३२.१ या क्रमांकावर बसतो. हिंदी साहित्य ८९१.४३, बंगाली ८९१.४४, मराठी ८९१.४६ आणि गुजराती ८९१.४७. म्हणजे हिंदीच्या फळीवरून उजवीकडे सरकत गेलेला वाचक बंगालीचा उंबरा ओलांडून थोड्याच पावलांत मराठीपाशी येतो आणि तेथे त्याला ओळखीची देवनागरी दिसते. पुस्तकाच्या पाठीवरील नाव त्याला वाचता येते, अर्थ अर्धामुर्धा लागतो, आणि तो थबकतो. कोणत्याही शोधयंत्रात हा थबका बसविता आलेला नाही. संगणकाला नाव विचारले तर तो नेमके तेच पुस्तक देतो. नेमकेपणा हा त्याचा गुण आहे आणि मर्यादाही. ज्याला मराठीत काय लिहिले गेले आहे हेच ठाऊक नाही, तो संगणकाला काय विचारणार?

चित्रपटांचा क्रमांक मात्र दूर आहे: ७९१.४३. कला विभागाच्या टोकाला. वास्तविक मराठीत पुस्तक आणि चित्रपट यांचा घरोबा फार जुना. ना. ह. आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी आणि प्रभातचा ‘कुंकू’ (१९३७), गो. नी. दांडेकर आणि जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’ (१९७७), अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या व त्यांवरून झालेला ‘सिंहासन’ (१९७९), शांता निसळ यांची ‘बेघर’ आणि तिच्यावरील ‘उंबरठा’ (१९८२), व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आणि त्याच नावाचा अमोल पालेकरांचा चित्रपट (१९९५). या जोड्या एका फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या तर एक नवा वाचकवर्ग तयार होईल, असे मला नेहमी वाटते. चित्रपटासाठी आलेला पुस्तक उचलील. उलटही घडेल, जरी आमच्यासारख्या वाचनवेड्यांना ते कबूल करणे जड जाते.

पुस्तके आणि चित्रपट एका छत्राखाली आणण्याची कल्पना परदेशातून अलीकडे आली, असा समज असेल तर तो दूर करायला हवा. ती आपल्या एका मराठी राजाने शंभर वर्षांपूर्वी अमलात आणली होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळेत शिकलेले अक्षर शाळा सुटल्यावर पुसले जाऊ नये, तर त्याला वाचायला काही तरी पाहिजे, हा त्यांचा पुढचा विचार. १९१० मध्ये त्यांनी विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभारले, गावोगावी ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला, ग्रंथालयाच्या कामाचे शिक्षण सुरू केले. महाराजांनी आपला खाजगी ग्रंथसंग्रह या कामासाठी दिला. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग झाले. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या.

आणि याच ग्रंथालय खात्यात ‘दृश्य शिक्षण’ शाखा होती. तिच्यापाशी चलत्‌चित्रे दाखविण्याची यंत्रे होती, जादूच्या दिव्याच्या काचा होत्या, दोन डोळ्यांनी पाहावयाची स्टिरिओस्कोपची चित्रे होती, आणि ही सामग्री गावोगावी नेऊन लोकांना विनामूल्य दाखविली जात असे. ज्याला वाचता येत नाही तोही ग्रंथालयाचा वाचकच आहे, हे त्यात गृहीत होते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा; म्हणजे भारतीय चित्रपट आणि ग्रंथालयातील चित्रपट ही भावंडे जवळजवळ एकाच वयाची म्हणावी लागतील. ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे त्रैमासिकही बडोद्याहून १९१२ मध्ये निघाले, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. बॉर्डन यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी या चळवळीची धुरा वाहिली आणि १९१९ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. बडोद्यातील मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या इमारतीत लोखंडी फळ्यांच्या मजल्यांमधील जमीन काचेची आहे, वरचा प्रकाश खालपर्यंत पोहोचावा म्हणून. ज्यांना बडोद्यास जाण्याचा योग येईल त्यांनी लक्ष्मीविलास राजवाड्यानंतरचा तासभर तिच्यासाठी राखून ठेवावा.

बडोद्याच्या त्या दृश्य शाखेने ग्रंथालयाला दिलेले वळण पुढे सर्वत्र रुजले नाही, याचे एक कारण कायद्यात आहे. दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाच्या उद्घाटनानंतर तीन वर्षांनी, १९५४ मध्ये, संसदेने ग्रंथ सुपूर्द करण्याविषयीचा कायदा केला. १९५६ च्या दुरुस्तीने त्यात वृत्तपत्रेही आली. कायदा छोटा आहे. भारतात पुस्तक प्रकाशित झाले की प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत, स्वखर्चाने, त्याची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि एकेक प्रत सरकारने नेमलेल्या अन्य सार्वजनिक ग्रंथालयांस पाठवावी. ही ग्रंथालये म्हणजे चेन्नईचे कोनेमारा, मुंबईच्या टाऊन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय आणि त्यांत पुढे सामील झालेले दिल्लीचे सार्वजनिक ग्रंथालय. राष्ट्रीय ग्रंथालयाची प्रत सर्वांत उत्तम असावी, नकाशे व चित्रांसह, बांधलेली आणि शिवलेली. बाकीच्या प्रती, ज्या कागदावर अधिकांश आवृत्ती छापली त्याच कागदावरच्या. न पाठविल्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि पुस्तकाची किंमत. १९५४ साली कायद्यात घातलेली ही पन्नासाची रक्कम आज वाचताना, दंडव्याजाची आकडेमोड करणाऱ्या आम्हां मंडळींना हसू आवरत नाही.

पण या कायद्याचा अर्थ किती मोठा आहे, तो फरीदाबादेत राहून कळतो. सांगलीत, नांदेडमध्ये किंवा बेळगावात एखाद्या छोट्या प्रकाशकाने काढलेला, तीनशे प्रतींचा कवितासंग्रहसुद्धा दिल्लीला पाठविला गेला पाहिजे, असे देशाचा कायदा सांगतो. येथे तो वाचणारे किती आहेत, हे कायदा विचारत नाही. मराठी माणसाने दिल्लीत ग्रंथालय काढावे तेव्हा मराठी पुस्तके दिल्लीत येतील, असे नसून ती हक्काने येथे आहेत. सर्वच प्रकाशक हा नियम पाळतात असे नाही, आणि अशा जपणुकीच्या प्रती उघड्या फळीवर मिळतीलच असेही नाही. जतन आणि वापर यांची ओढाताण कोणत्याही ग्रंथपालास चुकलेली नाही. परंतु मागणी झाली तरच जपणुकीची प्रत वाचनकक्षाच्या टेबलावर येते.

कायद्यातील ‘पुस्तक’ या शब्दाची व्याख्या उदार आहे. तिच्यात पुस्तिका येते, नकाशा येतो, स्वतंत्र छापलेला स्वरलिपीचा कागदही येतो. चित्रपट येत नाही. त्याच १९५४ साली पहिले राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिले गेले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ते पुस्तक कायद्याच्या छत्राखाली येते, त्यावरचा सुवर्णपदकविजेता चित्रपट येत नाही. चित्रपटांच्या जतनासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन व्हायला १९६४ साल उजाडले. तोवर पुष्कळ काही हरपले होते. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळे होती; आज पहिले आणि शेवटचे तेवढे पाहायला मिळते, मधली कथा आपण आठवणीने भरून काढावयाची. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कर्जापायी जमीन गमावून शहरात मजूर झालेल्या शेतकऱ्याची ती कथा, तरुण व्ही. शांताराम त्यात शेतकऱ्याच्या भूमिकेत होते. १९३६ मध्ये तो बोलपटाच्या रूपाने पुन्हा काढण्यात आला, पण मूळ मूकपट आज पाहायला मिळत नाही. बँक कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण महाविद्यालयांत ग्रामीण पतपुरवठ्याचा पाठ सुरू करण्यापूर्वी दाखवावा असा तो चित्रपट ठरला असता.

१९५४ या सालाचे दिल्लीतील मराठी माणसाशी आणखी एक नाते आहे. त्या वर्षी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले. त्यानंतर ते दिल्लीत भरायला फेब्रुवारी २०२५ उजाडला. तालकटोरा स्टेडियमवरील त्या ९८व्या संमेलनाच्या अध्यक्ष होत्या डॉ. तारा भवाळकर. दरम्यान ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होता, त्यामुळे उत्साह ओसंडत होता. संमेलन तीन दिवसांचे असते. उरलेल्या तीनशे बासष्ट दिवसांसाठी बाबा खरकसिंग मार्गावर महाराष्ट्र परिचय केंद्राचे ग्रंथालय आहे, कोलकात्यात राष्ट्रीय ग्रंथालयाचा मराठी विभाग आहे आणि वर सांगितलेला कायदा आहे.

फरीदाबादेत ‘लायब्ररी’ या पाट्या मात्र पावलोपावली दिसतात. नव्याने बदलून आलेल्या वाचनप्रेमी सहकाऱ्यांची त्यामुळे फसगत होते. आत पुस्तके नसतात. वातानुकूलित खोलीत पडदे लावलेली टेबले असतात, प्रत्येक टेबलावर दिवा आणि विजेची खाच, महिन्याचे भाडे ठरलेले. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले तेथे आपापली पुस्तके घेऊन दहा-बारा तास बसतात. घरात एक खोली आणि माणसे सहा, अशा मुलांना ही शांत जागा फार मोलाची आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्या मुलांनी ज्याला लायब्ररी म्हणून ओळखले आहे, तिच्यात अभ्यासक्रमाबाहेरचे एक पान चाळण्याचीही सोय नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने ‘अ’ वर्गापासून ‘ड’ वर्गापर्यंत अनुदानित ग्रंथालयांची मालिका उभी राहिली. हरियाणानेही १९८९ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे. आपल्याला ही परंपरा इतकी अंगवळणी पडली आहे, की ती नसलेल्या गावी आल्यावरच तिची जागा रिकामी दिसते.

अक्षर एका पिढीत कसे परके होते, हे पाहायला आमच्या शाखेइतकी दुसरी सोयीची जागा नाही. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी येथील ‘एनआयटी’, म्हणजे न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप, स्वतःच्या हातांनी उभारली. कर्जप्रकरणांच्या निमित्ताने या परिसरातील जुनी कागदपत्रे समोर येतात. त्यांतील कित्येक उर्दू लिपीत असतात. नातू आजोबांच्या सहीचा कागद टेबलावर ठेवतो आणि तो वाचून देणारा माणूस कोठे मिळेल, असे आम्हालाच विचारतो. आम्हा मराठी मंडळींना यात नवल वाटू नये, कारण पणजोबांची मोडीतील पत्रे आपल्यापैकी कितीजणांना वाचता येतात? देवनागरीमुळे मराठीवर तो प्रसंग थेट येणार नाही, हे खरे. माझी मुलगी चौथीत आहे. शाळेत हिंदी शिकल्यामुळे मराठी अक्षरे ती खडाखड वाचते. पण ‘चमचा’ आणि ‘जग’ हे शब्द वाचताना त्यांतले ‘च’ आणि ‘ज’ हिंदीतले येतात. बोलताना ती तीच अक्षरे घरच्यासारखी बरोबर उच्चारते. म्हणजे तिच्या तोंडात एक मराठी आहे आणि डोळ्यांत दुसरी. दोहोंची गाठ पडायला तिने मराठी पुष्कळ आणि निरुद्देश वाचायला हवे. आईने वाचायला बसविलेले चालत नाही, असा माझा अनुभव आहे.

बदलीचा हुकूम यंदा येईल या अंदाजाने मी घरातील पुस्तकांची खोकी बांधायला घेतली, आणि मग त्यांतील दोन खोकी शाखेच्या भोजनकक्षात आणून एका उघड्या फळीवर लावली. नोंदवही ठेवली नाही. पन्नासएक पुस्तके आणि चित्रपटांच्या सात-आठ तबकड्या. पहिले पंधरा दिवस फळीकडे कोणी फिरकले नाही. नंतर एका दुपारी आमचे सुरक्षारक्षक तेथे उभे दिसले. ते रोहतकचे, तोफखान्यातून निवृत्त झालेले. उमेदवारीची काही वर्षे देवळालीला काढल्यामुळे दहा-वीस मराठी शब्द बाळगून असलेले. पुस्तकांच्या पाठी ते डावीकडून उजवीकडे मोठ्याने वाचीत चालले होते. ‘माडगूळकर’ या नावाशी आले आणि त्यातला ‘ळ’ असा स्वच्छ उच्चारला की मी डबा बाजूला ठेवला. हिंदी बोलणारे आमचे बहुतेक सहकारी तेथे ‘ल’ म्हणतात. मी तसे म्हणताच ते म्हणाले, “मॅडमजी, यो तो म्हारा सै.” हरियाणवीत ‘बाळक’ आहे, ‘काळा’ आहे, शाळेच्या हिंदीने त्यांना तो लिहायला शिकविला नव्हता, इतकेच.

‘बनगरवाडी’ ते घेऊन गेले. मेंढरे, दुष्काळ, गावात नव्याने आलेला मास्तर आणि त्याला जोखणारा कारभारी. यांतले काय त्यांना भाषेने कळले आणि काय गावाकडच्या अनुभवाने, ते मला सांगता येणार नाही. रोज दुपारी चार-पाच शब्दांचे अर्थ विचारीत. माझ्या मुलीची शाळा लवकर सुटली की ती शाखेत येऊन बसते. काही शब्दांचे अर्थ तिने सांगितले, काही तिलाच ठाऊक नव्हते, तेव्हा दोघे मिळून माझ्याकडे आली. महिनाभराने पुस्तक फळीवर परत आले आणि त्यांनी विचारले, याचा सिनेमा निघाला आहे का?

निघाला आहे, पण माझ्या तबकड्यांत तो नाही. ‘जैत रे जैत’ आहे. मात्र तबकडी लावायचे यंत्र आता ना माझ्या घरी आहे, ना त्यांच्या. शाखेच्या अडगळीच्या खोलीत निर्लेखनासाठी काढून ठेवलेला एक जुना संगणक आहे आणि त्याला तबकडीची खाच आहे, असे त्यांनी काल सांगितले. तो एका शनिवारी दुपारी भोजनकक्षात आणण्यासाठी शाखा व्यवस्थापकांकडे लेखी परवानगी मागितली आहे.